पत्र्याखालचे चाचा

खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी माझ्या वडिलांना पहिलाच प्रश्न विचारला, "पोरीकडे इस्त्री आहे का?"

वडील गोंधळले. आम्ही किनवटहून लातूरला आलो होतो. अकरावीची परीक्षा संपली होती आणि मला मे महिन्याच्या बॅचला घालायचं होतं. सकाळपासून सहा खोल्या बघून झाल्या होत्या. सगळीकडे आडनाव विचारलं, मटण खाता का विचारलं, भेटायला कोण कोण येणार ते विचारलं. इस्त्रीचं कुणी काढलं नव्हतं.

"आहे," वडील म्हणाले. "का हो?"

"सकाळी आठच्या आत करायची. नंतर न्हाई. अन् बल्ब किती वॅटचा लावणार?"

"शंभरचा. अभ्यासाला."

"शंभर!" त्यांनी कपाळाला हात लावला. "शंभरचा बल्ब म्हणजे खोलीत शेगडी पेटवून ठेवल्यासारखं झालं की हो साहेब. ट्यूब लावून देतो मी. माझ्याकडून."

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मी उन्हानं इतकी थकले होते की भिंतीला टेकून उभी होते, आणि ती भिंत गार होती. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं, डोक्यावर पत्र्याचं छप्पर होतं, आणि तरी ती भिंत गार होती. मी म्हटलं, "बाबा, हीच घेऊ."

त्या खोलीत मी दोन उन्हाळे काढले. माझ्यासोबत उमरीची सुमन होती. घरमालकांना सगळी गल्ली चाचा म्हणायची, म्हणून आम्हीही चाचाच म्हणायचो. उंच, वाळकुडा माणूस, पांढरी दाढी, चुन्यानं कायमचे फाटलेले हात. आयुष्यभर गवंडीकाम केलेलं. आता काम सोडलं होतं, आणि दिवसभर एकच उद्योग होता, घर थंड ठेवणं. बाकी जगात काय चाललंय ते त्यांना ऐकू यायचं, पण त्यात त्यांचा जीव नव्हता. कुणी म्हणालं, अमक्याचा पोरगा मेडिकलला लागला, तर हे विचारणार, "हॉस्टेलची खोली कुठल्या दिशेला आहे त्याची?"

सकाळी उठले की ते आधी भिंती तपासायचे. आई जशी तापलेल्या लेकराच्या कपाळाला उलटा हात लावते, तसा उलटा हात लावत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचे. मधेच थांबून गालही लावायचे. मग निकाल सांगायचे. "पूर्वेची बरी आहे. पश्चिमेची तापली. ही भिंत म्हणजे सासू आहे बघ. दिवसभर गप बसते, अन् संध्याकाळी बोलायला लागली की रात्रीपर्यंत थांबत न्हाई."

सासूला गप ठेवण्यासाठी पश्चिमेला त्यांनी दोडक्याचा आणि भोपळ्याचा वेल चढवला होता. वेल वर जाऊन पत्र्यावर पसरला होता. वेल पोचला नव्हता तिथं पत्र्याला चुन्याचे तीन हात दिलेले. आतून, पत्र्याच्या हातभर खाली, अडतीतून आणलेली रिकामी पोती शिवून केलेलं छत ताणलेलं. पत्रा आणि पोतं यांच्या मधे हवा खेळावी म्हणून दोन्हीकडच्या भिंतींत वर विटा काढून भोकं ठेवलेली. चिमण्या आत शिरू नयेत म्हणून भोकांना जाळी. आणि एवढं करून चाचा समाधानी नव्हते.

खिडक्यांचा कायदा कडक होता. पहाटे सगळ्या उघडायच्या. नऊ वाजता सगळ्या बंद, पडदे खाली. एकदा सुमननं साडेनऊपर्यंत खिडकी उघडी ठेवली, कारण समोरच्या दुकानात गाणी लागली होती. चाचा दारात येऊन उभे राहिले.

"बेटा, कुणाला बोलावलंस?"

"कुणाला न्हाई चाचा."

"मग हे कोण आलंय?" त्यांनी जमिनीवर पडलेल्या उन्हाच्या चौकोनाकडे बोट केलं. "हा पाहुणा आता दिवस मावळेपर्यंत उठत न्हाई. जेवण तुझं खाणार, झोप तुझी खाणार."

आत चाची भाकरी थापत होत्या. त्या ओरडल्या, "पोरीकू कायकू डराते जी? एक खिडकी तो है."

"एकच खिडकी तर आहे!" चाचा म्हणाले. त्यांना त्यात विनोद वाटत नव्हता.

पाण्याचं लातूरला तेव्हाही दुर्भिक्ष होतं. नळ सात-आठ दिवसांनी यायचा. त्यामुळे चाचांचा सगळ्यात मोठा राग कूलरवर होता. "कूलर म्हणजे म्हैस," ते म्हणायचे. "हौदभर पाणी पिती अन् वर घों-घों करती." आमच्याकडे कपडे धुतलेलं शेवटचं पाणी फेकायची बंदी होती. ते एका टाकीत जमा व्हायचं. दुपारी बाराला बंद खिडकीबाहेर टांगलेल्या पोत्यावर दोन तांबे, तीनला दोन तांबे. संध्याकाळी उरलेलं अंगणात. त्या पोत्यावरून फटींतून झिरपून येणाऱ्या हवेला साबणाचा वास यायचा. अजूनही कपड्याच्या साबणाची नवी वडी फोडली की मला सेंद्रिय रसायनशास्त्राच्या अभिक्रिया आठवतात.

आमच्या भिंतीला लागूनच फिजिक्सच्या एका सरांचा क्लास होता. तेव्हा लातुरात जिथं मोकळी जागा होती तिथं क्लास होता. कांद्याची वखार असो की म्हशीचा गोठा, चार खांब, वर पत्रे, आत बाकडी, झाला क्लास. सरांच्या शेडमध्ये आम्ही ऐंशीएक पोरं-पोरी बसायचो. दोन ते चारची बॅच. पंखे होते, पण ते पत्र्याखालची गरम हवा आमच्याच डोक्यावर आणून सोडायचे. वहीवर घाम पडून आकृत्या फुटायच्या.

एका दुपारी सर उष्णतेचं प्रकरण शिकवत होते. वहन, अभिसरण, प्रारण. फळ्यावर बाण काढून ते म्हणाले, "गरम हवा हलकी असते, ती वर जाते." तेवढ्यात दारातून आवाज आला.

"सर, एक विचारू का?"

दारात चाचा. डोक्याला ओलं फडकं, हातात दोडका. दोडका सरांच्या घरी द्यायला आणलेला होता.

"विचारा," सर म्हणाले.

"गरम हवा वर जाते म्हणून राहिले तुम्ही. बरोबर आहे. मग ती वर गेल्यावर बाहेर कुठून जाणार? वाट कुठं ठेवली तिला?"

ऐंशी माना एकदम वर झाल्या. भिंती थेट पत्र्याला भिडल्या होत्या. कुठंही फट नव्हती. मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं, मग सगळा क्लास हसला. सर लाल झाले. "चाचा, मी शिकवतोय," ते म्हणाले. "इथं लेकरांच्या करिअरचा प्रश्न आहे."

"हौ, म्हणून तर आलो," चाचा म्हणाले, आणि दोडका टेबलावर ठेवून निघून गेले.

चार दिवसांनी त्याच शेडमध्ये सुमन चक्कर येऊन पडली. आम्ही तिला उचलून घरी आणलं. चाचींनी तिला पोत्याच्या छताखाली निजवलं, ओलं फडकं मानेला लावलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं. चाचा दारात बसून होते. तिनं डोळे उघडून "चाचा, खिडकी लावलीय का?" म्हटल्यावर ते उठून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ठाकठूक ऐकू आली म्हणून मी बाहेर आले. चाचा सरांच्या शेडच्या भिंतीला शिडी लावून चढले होते आणि पत्र्याखालच्या विटा काढत होते. एका बाजूच्या आठ काढल्या, समोरच्या बाजूच्या आठ काढल्या. मग वर चढून पत्र्यावर चुना मारायला सुरुवात केली. सर सातच्या बॅचला आले तेव्हा अर्धा पत्रा पांढरा झाला होता.

"हे काय चाललंय? माझी भिंत फोडली तुम्ही!"

"फोडली न्हाई. सोळा विटा काढल्या. ह्या बघा, एकही तुटली न्हाई, थप्पी लावून ठेवली. नको असलं तर दुपारी चारनंतर परत बसवून देतो. दोन ते चार मात्र राहू द्या."

"कुणाला विचारून?"

"सर," चाचा वरूनच म्हणाले, "माझ्या घरची पोरगी तुमच्या पत्र्याखाली पडली. मी कुणाला विचारू?"

सरांनी थप्पीतली एक वीट उचलून बघितली आणि परत ठेवली. त्या दुपारी क्लास चालू झाला तेव्हा ते दहा मिनिटं नुसते इकडून तिकडे फिरले. मग पत्र्याकडे बघितलं, भोकांकडे बघितलं, रुमाल खिशात ठेवला. आणि खडू उचलून म्हणाले, "पांढरा पृष्ठभाग प्रारणं परावर्तित करतो. नोट करा. असं उदाहरण परीक्षेला येऊ शकतं."

विटा परत बसवायचा विषय पुन्हा निघाला नाही. उलट महिन्याभरात चाचांना क्लासवाले आणि मेसवाले बोलवायला लागले. चाचा चुना त्यांना आणायला लावायचे आणि काम स्वतः करायचे. मात्र काम करताना मालकाला फार ऐकून घ्यावं लागायचं. एका मेसवाल्याला त्यांनी सांगितलं होतं, "चूल दुपारी बारालाच पेटवायची असंल तर मला कशाला बोलावलं? अग्निशमनवाल्याला बोलवा."

मी एकदा त्यांना सहज विचारलं. आमच्या गावाकडे कौलं असतात, पण इकडच्या खेड्यांत मी जुनी माळवदं बघितली होती. दगडाच्या दोन-दोन हात जाडीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर मातीचा जाड थर. आत गेलं की मे महिन्यातही अंगावर काटा यायचा, इतका गारवा. मी म्हटलं, "चाचा, तुम्ही एवढे गवंडी, तर माळवदच का नाही बांधलं? पत्र्याशी कशाला भांडत बसता?"

चाचांनी हातातला ब्रश बादलीत ठेवला. "चुना पातळ झाला," म्हणाले आणि आत गेले. चुना पातळ झाला नव्हता.

संध्याकाळी चाचींनी मला तांदूळ निवडायला बोलावलं आणि तांदूळ निवडता निवडता सांगितलं. हेच घर पूर्वी माळवदाचं होतं. चाचांनी स्वतः बांधलेलं. लातूर, औसा, निलंगा, कुठल्याही गावाला जा, चाचांच्या हातची माळवदं होती. कामातला एक सल्ला ते सगळ्यांना द्यायचे, छत गळू नये आणि घर थंड राहावं म्हणून दरसाल वरून मातीचा एक थर टाकत जा. लोक ऐकायचे. चाचींच्या मोठ्या बहिणीनंही ऐकलं होतं. तिचं घर भूकंपाच्या पट्ट्यातल्या गावात होतं. त्या पहाटे वीस वर्षांची माती एकदम खाली आली. बहीण, तिचा नवरा, मुलगा, तिघंही गेले. चाचांना, म्हणजे मावशीच्या नवऱ्याला, खालू म्हणणारी मुलगी नसीम उकडतंय म्हणून अंगणात बाजेवर झोपली होती, ती राहिली.

"दफन के बाद उसने इनकू एकच बात बोली," चाची म्हणाल्या. "'माती टाकायला तुम्हीच सांगितलं होतं, खालू.' बस. उसके बाद बात नई करी."

लातुरातल्या घराला नुसती एक भेग पडली होती. पण चाचींनी सांगून टाकलं, माझ्या डोक्यावर माती नको. चाचांनी आपलं माळवद आपल्याच हातानं उतरवलं आणि पत्रे चढवले. पहिल्या उन्हाळ्यात चाचींच्या अंगावर घामोळ्यांनी जागा ठेवली नाही. चाचांनी तेव्हा गवंडीकाम सोडलं आणि हे सुरू केलं.

मी तांदूळ निवडत राहिले. बाहेर अंगणात चाचा सुमनला सांगत होते, गार पाण्यानं अंघोळ करून ओल्या केसांनी पंख्याखाली बसू नको, सर्दी होईल, आणि मग वाफारा घेशील, आणि वाफाऱ्यानं खोली तापेल.

दुसऱ्या उन्हाळ्यात, माझी बारावी झाली होती आणि मी प्रवेश परीक्षेसाठी थांबले होते, तेव्हा गंजगोलाईत बाजाराला आलेला नसीमच्या गावचा एक माणूस निरोप घेऊन आला. निरोप चाचींना होता. नसीमचं लग्न झालं होतं, पुनर्वसनात मिळालेल्या घरात ती राहत होती, दोन वर्षांचं लेकरू होतं. "घर लई तापतंय म्हणाली. लेकराच्या अंगावर फोड उठलेत, दुपारी निजत न्हाई. कुणाला तरी पाठवा म्हणाली."

माणूस गेल्यावर चाचा म्हणाले, "कुणाला तरी म्हणाली. म्हणजे मला न्हाई."

"अख्ख्या लातुरात हे काम दुसरं कोण करतंय जी?" चाची म्हणाल्या.

"तसं म्हणायला काय झालं होतं तिला?"

हा वाद तीन दिवस चालला. तीन दिवस चाचांनी भिंतींना हात लावला नाही. चौथ्या दिवशी रविवार होता. पहाटे बघते तर अंगणात चुन्याच्या दोन पिशव्या, ब्रश, सुतळी, आणि तुराट्यांच्या बारा ताट्या तयार. तुराट्या म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या, त्या बांधून चाचांनी हलके पडदे केले होते. रात्रभर बांधत बसले असावेत. चाची मला म्हणाल्या, "तू चल बेटा. परकं माणूस असलं की भांडण होत न्हाई."

एसटीच्या टपावर ताट्या चढवताना कंडक्टरनं बराच त्रास दिला. चाचांनी त्याला विचारलं की गाडीचं टप आतून पांढरं आहे की बाहेरून. तो म्हणाला, बाहेरून लाल. चाचा म्हणाले, "म्हणून लोक असे चिडतात." मला त्यांचं हे नेहमीचं बोलणं ऐकून बरं वाटलं, पण बस सुटल्यावर गाव येईपर्यंत ते सुतळीचं बंडल उलगडून पुन्हा गुंडाळत राहिले.

गाव नवं होतं. सरळ रुंद रस्ते, एकसारखी सिमेंटची घरं, आणि सावलीला धड एक झाड नाही. नसीमनं दार उघडलं. पंचवीस वर्षांची असेल, डोळे चाचींसारखे. तिनं चाचींच्या गळ्यात हात टाकले, माझ्याकडे बघून मान हलवली, पाण्याचा तांब्या आणून ओट्यावर ठेवला. चाचांच्या हातात दिला नाही. चाचांनी तो उचलला, प्याले, आणि आत न जाता बाहेरच्या शिडीनं वर गेले. मी एकेक ताटी खालून देत होते.

ते चुना कालवत होते तेवढ्यात शिडी हलली. नसीम वर आली. लेकरू कडेवर.

"वर माती न्हाई टाकायची," ती म्हणाली.

चाचांचा हात बादलीतच थांबला. "न्हाई बेटा. माती न्हाई."

"वजन न्हाई टाकायचं काहीच."

"हा चुना आहे. वाळला की कागदाएवढा बी राहत न्हाई. अन् ह्या ताट्या. कठड्यावर टेकवून ठेवायच्या, स्लॅबपासून हातभर वर. मधून वारा जातो, ऊन वरच्या वर अडतं." ते बाजूला सरकले. "तू उचलून बघ."

तिनं लेकरू माझ्याकडे दिलं. एक ताटी उचलली. एका हातानं. खाली ठेवली, दुसरी उचलली. मग तिसरी. बाराच्या बारा तिनं उचलून बघितल्या. चाचा मान खाली घालून उभे होते, शाळेत वही तपासून घेणाऱ्या मुलासारखे. शेवटची ताटी ठेवल्यावर ती म्हणाली, "ह्या वाऱ्यानं उडतील."

"सुतळी आणलीय."

"सुतळी कुजते. घरात तार आहे," ती म्हणाली, आणि तार आणायला खाली गेली.

अकरापर्यंत दोघांनी मिळून काम केलं. बोलणं एवढंच. इकडून धर. ताण. सोड. मग ती स्वयंपाकाला गेली आणि चाचांनी आत पाऊल न टाकता बाहेरून खिडक्या बघितल्या, कुठं पोतं लावायचं, कुठं विटा काढायच्या ते मला सांगितलं, आणि मी ते आत जाऊन चाचींना सांगितलं, आणि चाचींनी नसीमला. नसीम चाचींच्या समोरच बसली होती आणि चाचांचा आवाज तिला स्वच्छ ऐकू येत होता.

जेवायच्या वेळी चाचा ओट्यावर उन्हात बसले. नसीम ताट घेऊन दारापर्यंत आली, त्यांना बघितलं, आणि ताट घेऊन परत आत गेली. आतून म्हणाली, "आत या. सगळ्यांचं आतच वाढलंय."

चाचा उठले. उंबऱ्यावर त्यांनी चपला काढल्या, मग उगाच त्या सरळ केल्या, मग आत आले. लेकरू खाली फरशीवर पालथं झोपलं होतं.

निघताना नसीम शिडीशी उभी राहून वर बघत होती. ती म्हणाली, "पावसाच्या आधी ह्या ताट्या काढाव्या लागतील ना? न्हाईतर कुजतील."

"हौ," चाचा म्हणाले. "मिरगाच्या आधी."

"मग तेव्हा या."

एवढंच. आम्ही बसस्टँडवर आलो, बस मिळाली, बस सुटली. औशाच्या अलीकडे चाचा माझ्याकडे वळले.

"ती 'तेव्हा या' म्हणाली, का 'तेव्हा यावं लागंल' म्हणाली?"

"'तेव्हा या' म्हणाली चाचा."

"'या' बोली जी," चाची म्हणाल्या. "मैं बाजूकूच खडी थी."

"तू थांब. हिला विचारून राहिलो. ही शिकलेली आहे." ते पुन्हा माझ्याकडे वळले. "नक्की 'या'?"

"नक्की."

चाचा सरळ बसले. खिडकीची काच उघडी होती, वाफेसारखा वारा तोंडावर येत होता, आणि त्यांनी ती लावली नाही. तिकिटं तपासत कंडक्टर आला तेव्हा त्यांनी त्याला विचारलं, "मिरगाला किती दिवस राहिले हो?"

कंडक्टरनं मान वर न करताच सांगितलं, "पंधरा-सोळा असतील."

"लई झाले," चाचा म्हणाले.